सिझर झालंय आणि टाके दुखतायत? मग हे करा

माझं सिझर झालं जळगावात, तेही मे महिन्यात, म्हणजे बाहेर ४४ डिग्री आणि आत टाक्यांची आग, तर मला काय कामी आलं ते सांगते. पहिलं म्हणजे गोळी. दुखलं की घेऊ असं करत थांबू नका, डॉक्टरांनी जी वेळ लिहून दिलीये त्या वेळेलाच घ्या, दुखणं एकदा चढलं की लवकर उतरत नाही. पॅरासिटामॉल आणि आयबुप्रोफेन दूध पाजताना चालतात (आयबुप्रोफेन खाऊनच, आणि अल्सर, किडनी नाहीतर बीपीचा त्रास असेल तर आधी विचारा), मेडिकलवरून मनाने तिसरी गोळी आणू नका.

उठताना सरळ उठायचंच नाही. गुडघे वाकवा, कुशीवर वळा, पाय खाली सोडा आणि हाताने रेटा देऊन बसा. आपल्याकडची ढिली बाज या दिवसांत नकोच. खोकला, शिंक, हसू आलं की टाक्यांवर उशी दाबून धरायची, आणि भेटायला आलेल्या मावश्या हसवतातच.

कधीकधी टाक्यांपेक्षा गॅसनेच पोट जास्त दुखतं, त्यावर घरातल्या घरात हळूहळू चाला, पाणी भरपूर प्या, संडासला जोर लावू नका. पाण्याची कळशी, मोठं लेकरू उचलायचं नाही, निदान ६ आठवडे.

ताप, टाक्यातून पू, एकाच पायाची पोटरी सुजून दुखणं, दम लागणं, अंगावरून जास्त रक्त जाणं, यातलं काहीही झालं तर लगेच दवाखाना गाठा, आजी काहीही म्हणो.