भानगडीतला पूर्वज शोधताय? या चुका टाळा

सरळमार्गी पूर्वज शोधणं खरं सांगायचं तर कंटाळवाणं असतं. जन्म, लग्न, मृत्यू आणि मधे दर दहा वर्षांनी जनगणनेतली एक ओळ, संपलं. पण जो तुरुंगात गेला, कर्जात बुडाला, वेड्यांच्या इस्पितळात भरती झाला, बायकापोरं टाकून गायब झाला नाहीतर सैन्यातून पळाला त्याच्यामागे कागदांचा ढीग असतो, कारण पोलीस, डॉक्टर, कोर्ट, सावकार सगळ्यांनीच त्याच्याबद्दल काही ना काही लिहून ठेवलेलं असतं. म्हणून लोक खूश होऊन शोधायला बसतात आणि मग ठरलेल्या जागी अडकतात. त्यातले बहुतेक घोळ एकाच सवयीतून होतात, कागद कुणी लिहिला आणि कशासाठी लिहिला हे न बघता तो माणसाचं चरित्र असल्यासारखा वाचायचा. उदाहरणं मुख्यतः इंग्लंड, आयर्लंड, अमेरिकेतली देतेय कारण तिथलं जुनं दप्तर ऑनलाइन भरपूर आहे, शोधायची रीत मात्र सगळीकडे सारखीच.

"तो लढाईत गेला" यावर लगेच विश्वास ठेवणं

घरात सांगितलेली गोष्ट बहुतेक वेळा काहीतरी झाकायला सांगितलेली असते. "परदेशात वारला", "समुद्रावर गेला तो आलाच नाही", "लहानपणीच वडील गेले" ही वाक्यं आली की आधी विचारा, हे कुणी सांगितलं आणि ती व्यक्ती तेव्हा जन्मलेली तरी होती का? गोष्ट फेकून द्यायची नाही, पण ती पुरावा म्हणून न धरता प्रश्न म्हणून लिहायची.

यातला सगळ्यात कॉमन घोळ म्हणजे जनगणनेत बायको स्वतःला "विधवा" लिहिते आणि आपण नवऱ्याच्या मृत्यूचा दाखला शोधत बसतो, तो सापडत नाही, मग आपण दहा वर्षं मागे जातो, दहा वर्षं पुढे जातो, आणि तो गृहस्थ दुसऱ्या शहरात दुसऱ्या बाईबरोबर मजेत जगत असतो. इंग्लंडमध्ये १८५८ पासून कोर्टातून घटस्फोट मिळायला लागला खरा, पण तो गरिबाच्या आवाक्यात नव्हता. त्यामुळे लोक सरळ वेगळे व्हायचे आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांना आपण "विधवा", "विधुर" असल्याचं सांगायचे. शिवाय १८६१ च्या कायद्यात अशी सोय होती की जोडीदार सलग सात वर्षं बेपत्ता असेल आणि तो जिवंत आहे हे माहीत नसेल तर दुसरं लग्न केल्याबद्दल शिक्षा होत नव्हती. शिक्षा होत नव्हती एवढंच हां, पहिला जोडीदार खरंच जिवंत असेल तर ते दुसरं लग्न कायदेशीर ठरत नव्हतं. म्हणून मृत्यू सापडत नसेल तर पुढच्या जनगणनेत त्याच वयाचा, त्याच जन्मगावचा, त्याच धंद्यातला माणूस वेगळ्या बायकोबरोबर दिसतो का ते बघा. आणि तुरुंग, इस्पितळ, वर्कहाउस (निराधारांना काम करवून ठेवायची सार्वजनिक जागा), लष्कराची छावणी हेही बघा, कारण "पळून गेला" चा अर्थ पुष्कळदा "आत गेला" असाच निघतो.

एक नाव म्हणजे एकच माणूस असं धरणं

जॉन स्मिथसारखं सर्रास आढळणारं नाव असेल तर सगळेच सावध असतात. पण जरा वेगळं नाव असलं की लोक बेफिकीर होतात, तिथेच फसतात, कारण एकाच गावात चुलत-चुलत भावांना आजोबांचं एकच नाव दिलेलं असतं आणि चोरी करणारा एक आणि चर्चमध्ये घंटा वाजवणारा दुसरा असे दोघे मिळून आपल्या वंशवृक्षात एक होऊन बसतात. याच्या उलटही होतं, एकच माणूस तीन नावांनी तीन तुरुंगांत असतो.

उपाय तुरुंगाच्याच रजिस्टरमध्ये आहे. तिथल्या कारकुनाला पुढच्या वेळी हा माणूस ओळखता यावा म्हणून तो उंची, डोळ्यांचा रंग, व्रण, गोंदण, जन्मगाव, धंदा, काही ठिकाणी जवळच्या नातेवाइकाचं नावसुद्धा लिहायचा. इंग्लंडमध्ये १८६९ आणि १८७१ च्या कायद्यांनंतर सराईत गुन्हेगारांची वेगळी नोंद आणि फोटो सुरू झाले, टोपणनावंही त्यात असतात. डाव्या हातावर नांगर गोंदलेला माणूस दोन रजिस्टरमध्ये वेगळ्या नावाने दिसला तर कान टवकारा. वय मात्र फार मनावर घेऊ नका, ते लोक अंदाजाने सांगायचे, आणि १८४१ च्या ब्रिटिश जनगणनेत तर १५ च्या वरच्या मोठ्या माणसांचं वय पाचाच्या पटीत खाली आणून लिहायच्या सूचनाच होत्या, म्हणजे ३९ वर्षांचा माणूस कागदावर ३५ चा.

आणि हो, "एलिस आयलंडवर (न्यूयॉर्कजवळचं बेट, जिथे अमेरिकेत येणाऱ्या स्थलांतरितांची तपासणी व्हायची) आमचं आडनाव बदललं" ही गोष्ट. तिथले अधिकारी जहाजावर चढताना बनवलेल्या यादीवरून नावं तपासायचे, नवीन नावं वाटत नव्हते. आडनाव बदललं असेल तर ते बहुतेक त्या माणसाने नंतर स्वतःच बदललं, आणि का बदललं हा प्रश्न आपल्या दृष्टीने जास्त कामाचा आहे.

इस्पितळाच्या नोंदीवरून आज निदान करणं

इथे जरा थांबते, कारण इथे लोक सगळ्यात जास्त वाहवत जातात. "मेलँकोलिया" वाचलं की डिप्रेशन, "मेनिया" वाचलं की बायपोलर, आणि मग ते आपल्या घराण्यातच आहे वगैरे. अहो, ते शब्द त्या काळच्या डॉक्टरांचे कप्पे होते, आजच्या कप्प्यांत ते तसेच्या तसे बसत नाहीत. फिट्स येणारी माणसं, बाळंतपणानंतर बिघडलेल्या बायका, म्हातारपणी विसरायला लागलेले आजोबा, दारूने हात थरथरणारे, सगळे एकाच दारातून आत जायचे. "जनरल पॅरालिसिस ऑफ द इन्सेन" असं लिहिलेलं सापडलं तर ते अर्धांगवायू समजून सोडून देऊ नका, तो सिफिलिसचा शेवटचा टप्पा होता, आणि हे १९१३ मध्ये नोगुची आणि मूर यांनी अशा रुग्णांच्या मेंदूत जंतू दाखवून सिद्ध केलं. म्हणजे त्याआधीच्या डॉक्टरला ते नक्की माहीत असणं शक्य नव्हतं, त्यामुळे कारणाच्या रकान्यात तो "अतिश्रम" किंवा "धंद्यात खोट" लिहून मोकळा व्हायचा. तो रकाना तर मी कायम चिमटीत धरून वाचते, कारण तिथली माहिती भरती करायला आलेल्या नातेवाइकाची असायची आणि भांडण त्याच्याशीच असलं तर बघायलाच नको.

दुसरी अडचण अशी की माणूस सापडतच नाही. त्याची दोन-तीन ठरलेली कारणं आहेत. जुन्या ब्रिटिश जनगणनेत वेड्यांच्या इस्पितळातल्या रुग्णांची बऱ्याच ठिकाणी फक्त आद्याक्षरं लिहिलेली आहेत, मग पूर्ण नावाने सर्च करून काय मिळणार? अशा वेळी संस्थेचं नाव धरून पानं उघडा आणि आद्याक्षर, वय, धंदा, जन्मगाव जुळवा. दुसरं, लोक थेट जवळच्या इस्पितळाची केसबुकं (रुग्णांच्या नोंदवह्या) मागतात आणि तो तिथे कधी नसतोच. इंग्लंड-वेल्ससाठी १८४६ पासूनची केंद्रीय भरती रजिस्टरं आहेत, लंडनच्या क्यू भागातल्या नॅशनल अर्काइव्हजमधली (राष्ट्रीय दप्तरखाना), त्यात नाव, इस्पितळ, भरतीची तारीख आणि सुटका की मृत्यू एवढंच आहे, पण कुठल्या दारावर थाप मारायची ते कळतं. मग त्या काउंटीच्या (म्हणजे जिल्ह्याच्या) रेकॉर्ड ऑफिसला केसबुक विचारायचं. अमेरिकेत १८८० च्या जनगणनेला वेगळी पुरवणी जोडलेली होती, त्यात मनोरुग्ण, कैदी, निराधार मुलं, भिक्षेवर जगणारे यांची स्वतंत्र पानं आहेत, आणि घरच्या पानावर एक ओळ असलेल्या माणसाबद्दल तिथे बरंच काही निघतं. लोक ती उघडतच नाहीत.

अजून एक, भरतीची तारीख मिळाली की लोक असं गृहीत धरतात की तो मरेपर्यंत आतच होता. असं नाही. बरेच जण काही महिन्यांत घरी गेले, काही परत आले, परत गेले. सुटकेची नोंद शोधल्याशिवाय "तिथेच वारला" लिहू नका.

मृत्यूच्या दाखल्यावरचा "वेडाच्या भरात"

आत्महत्येच्या दाखल्यावर "मनाचा तोल ढळलेला असताना" अशा अर्थाचे शब्द असतात आणि लोक लगेच लिहितात की पणजोबा अनेक वर्षं मानसिक आजारी होते. थांबा जरा. इंग्लंडमध्ये शुद्धीवर राहून जीव दिला असं कोरोनरच्या (संशयास्पद मृत्यूची चौकशी करणारा अधिकारी) ज्युरीने ठरवलं तर तो गुन्हा ठरायचा, १८७० पर्यंत त्याची मालमत्ता जप्त होऊ शकत होती, आणि चर्चच्या आवारात रीतीप्रमाणे दफन मिळायची पंचाईत. म्हणून ज्युरीतली शेजारपाजारची माणसं घरच्यांवर दया दाखवून "तात्पुरतं वेड" असा निकाल द्यायची. कायद्याने आत्महत्या हा गुन्हा तिथे १९६१ पर्यंत होताच. म्हणजे तो शेरा पुष्कळदा माणसाच्या डोक्याबद्दल कमी आणि मागे राहिलेल्यांच्या सोयीबद्दल जास्त सांगतो. खरंच आजार होता का हे साक्षींवरून कळेल. कोरोनरच्या फायली बऱ्याच ठिकाणी नष्ट झाल्यात पण स्थानिक वर्तमानपत्रं साक्षी जवळपास शब्दशः छापायची, शेजारीण काय म्हणाली, आदल्या दिवशी कुणाशी वाद झाला, कामावरून कधी काढलं. तारीख दाखल्यावर असतेच, पुढच्या दोन आठवड्यांचे अंक बघा.

शिक्षा वाचून पुढचं कल्पनेने भरणं

"फाशीची शिक्षा" म्हणजे फाशी झाली असं नाही. अठराव्या शतकाच्या शेवटी आणि एकोणिसाव्याच्या सुरुवातीला इंग्लंडमध्ये किरकोळ चोरीलाही फाशी सुनावायचे आणि मग बऱ्याच जणांची ती बदलून हद्दपारी व्हायची. हद्दपारी सुनावली म्हणजे जहाजात बसला असंही नाही, कितीतरी जण नदीत नांगरलेल्या जुन्या जहाजांवरच्या तुरुंगांत मुदत काढून सुटले. त्यामुळे जुन्या कोर्टाचा रिपोर्ट, लंडनच्या ओल्ड बेली या फौजदारी कोर्टाचे १६७४ ते १९१३ चे फुकट वाचता येतात, ही फक्त सुरुवात. त्यानंतर दयेचे अर्ज, तुरुंगाचं रजिस्टर, जहाजाची यादी. दयेच्या अर्जाला तर मी पहिला नंबर देईन, गावातले लोक सह्या करतात, आई-बापांची परिस्थिती लिहिलेली असते, घरात किती तोंडं आहेत ते येतं, हे कोर्टाच्या कागदात कधीच मिळत नाही. अर्थात अर्ज दया मिळवायला लिहिलेला असतो, त्यामुळे त्यात सगळेच गुणी बाळ असतात. ऑस्ट्रेलियाला १७८८ ते १८६८ मध्ये साधारण १ लाख ६२ हजार कैदी नेले आणि टास्मानियाची वर्तणूक रजिस्टरं इतकी बारीक आहेत की दारू पिऊन उलट बोलल्याबद्दल किती दिवस एकांत कोठडी ते सापडतं. फक्त एक ध्यानात असू द्या, त्या रजिस्टरमध्ये शिस्त मोडल्याचे दिवस आहेत, नीट वागल्याचे दिवस कुणी लिहीत नव्हतं.

तुरुंग दिसला म्हणजे गुन्हेगार, हेही नको. १८६९ पर्यंत इंग्लंडमध्ये कर्ज फेडलं नाही म्हणून माणूस आत जायचा. तुरुंगाचं नाव बघा, मार्शलसी किंवा फ्लीट असेल तर बहुधा भानगड पैशाचीच.

"रेकॉर्ड जळलं" ऐकून हात टेकणं

जळलंय हे खरं आहे. डब्लिनचं सार्वजनिक दप्तर १९२२ मध्ये, अमेरिकेची १८९० ची जनगणना १९२१ च्या आगीत पुष्कळशी (उरलेलीही पुढे बहुतेक नष्ट केली), पहिल्या महायुद्धातल्या ब्रिटिश सैनिकांच्या निम्म्याहून जास्त फायली १९४० च्या बॉम्बहल्ल्यात, अमेरिकन सैनिकांच्या १.६ ते १.८ कोटी फायली १९७३ ला सेंट लुईसमध्ये. पण आपला माणूस भानगडीतला आहे, त्याचा कागद एकाच कपाटात कधीच नव्हता! आयर्लंडमध्ये एकोणिसाव्या शतकातली बहुतेक जनगणना गेली तरी तुरुंगांची रजिस्टरं १७९० ते १९२४ पर्यंतची बरीचशी शिल्लक आहेत, छोट्या कोर्टांची पुस्तकंही, आणि त्यात दारू पिऊन रस्त्यावर दंगा केलेल्यांचा नुसता पूर आहे. सैनिकाची मूळ फाईल जळली असेल तर पेन्शनचे कागद, जखमी होऊन सुटलेल्यांच्या बिल्ल्यांची यादी, मेडल कार्ड बघा. पळून गेल्याबद्दल कोर्ट मार्शल झालं असेल तर त्याची रजिस्टरं वेगळी आहेत. पहिल्या महायुद्धात शिक्षा म्हणून गोळी घातलेल्यांपैकी ३०६ जणांना ब्रिटिश सरकारने २००६ मध्ये कायद्याने माफी दिली, तेव्हा "घरात सांगायचं नाही" म्हणणाऱ्या नातेवाइकांना हेही दाखवता येतं.

बंद फाईल आणि चुकीचा अर्ज

इस्पितळाच्या फायली ब्रिटनमध्ये साधारण १०० वर्षं बंद असतात, अमेरिकेची जनगणना ७२ वर्षं. लोक ईमेल टाकतात, "माझ्या पणजीबद्दल जे असेल ते पाठवा", आणि नकार येतो किंवा उत्तरच येत नाही. त्याऐवजी मृत्यूचा दाखला जोडा, नातं दाखवणारे दोन-तीन दाखले जोडा, भरतीचं साल लिहा आणि एकच प्रश्न विचारा, उदाहरणार्थ सुटकेची तारीख आणि कुणाच्या ताब्यात दिलं. फाईल १०० वर्षांत मोडत असली तरी मृत व्यक्तीच्या जवळच्या नातेवाइकाला काही ठिकाणी सवलत मिळते. नाहीच मिळाली तर फाईल कुठल्या साली उघडणार ते लेखी विचारून ठेवा आणि तोवर शेजारच्या कपाटात जा, म्हणजे त्या संस्थेचे वार्षिक अहवाल, खर्चाच्या वह्या, दफनाचं रजिस्टर. त्यांच्यावर बंदी असेलच असं नाही, आणि दफनाच्या रजिस्टरमध्ये मृतदेह कोण घेऊन गेलं ते कधी कधी लिहिलेलं असतं.