दादरचं माटुंगा करताना: आफ्टर इफेक्ट्समधला प्रीकॉम्प

आफ्टर इफेक्ट्स या अॅनिमेशनच्या सॉफ्टवेअरमध्ये लोकलच्या स्टेशनांची नावं एकामागोमाग सरकणारी रील बनवायची आहे. ‘दादर’ची पाटी अ‍ॅनिमेट करून प्रीकॉम्प केली (म्हणजे तिचे लेयर एका वेगळ्या कॉम्पमध्ये, कॉम्पोझिशनमध्ये, गुंडाळून एकच लेयर केला), टाइमलाइनमध्ये कंट्रोल-डी मारलं आणि दुसऱ्या पाटीवर ‘माटुंगा’ लिहिलं, की पहिलीही माटुंगा होते. कारण टाइमलाइनमधली कॉपी म्हणजे त्याच कॉम्पकडे बघणारी आणखी एक खिडकी. साध्या टेक्स्ट लेयरला ही अडचण नाही.

वेगळी पाटी हवी तर प्रोजेक्ट पॅनेलमध्ये कॉम्प निवडून तिथे कंट्रोल-डी करा. मग टाइमलाइनमधला लेयर निवडा आणि ऑल्ट (मॅकवर ऑप्शन) दाबून नवा कॉम्प त्यावर ओढा. सोर्स बदलतो, कीफ्रेम (हालचालीच्या नोंदी) आणि इफेक्ट तसेच राहतात. मात्र पाटीच्या आत आणखी प्रीकॉम्प असेल तर तो जुनाच राहतो, त्याचीही वेगळी कॉपी करावी लागते. इथेच सगळे फसतात.

कर्जत-कसाऱ्यापर्यंत जायचं असेल तर हा खटाटोप नकोच. कॉम्प एसेन्शियल ग्राफिक्स पॅनेलमध्ये उघडा, टेक्स्ट लेयरचा सोर्स टेक्स्ट (लिहिलेला मजकूर) त्यात ओढून टाका. मग टाइमलाइनमधल्या प्रत्येक कॉपीत, एसेन्शियल प्रॉपर्टीजखाली नाव बदलता येतं. कॉम्प एकच; पाटीचा रंग बदलला की सगळीकडे बदलतो.