काट्यावरची नोंद: ओळख फोनवरच द्या, तपासणीही तिथेच करा

दारव्हा तालुक्यात आमच्या शेतकरी कंपनीची सोयाबीन खरेदीची चार केंद्रं आहेत. तीन ठिकाणी नेट येतं-जातं, चौथ्या ठिकाणी शाळेच्या ओट्यावर उभं राहिलं तरच मिळतं. म्हणून वजनाची नोंद आधी फोनमध्ये होते आणि नेट लागेल तेव्हा ऑफिसच्या सर्व्हरवर जाते. पहिल्या हंगामात मी प्रत्येक फोनला १ पासून पावती नंबर दिला. संध्याकाळी सगळं एकत्र केलं तर ३७ नंबरच्या चार पावत्या निघाल्या. एका काकाजींचे ११ क्विंटल दोन दिवस दुसऱ्याच्या खात्यावर राहिले. "बाई, माल त म्या आणला, मंग नाव त्याचं कसं आलं?" हे त्यांचं वाक्य अजून माझ्या कानात आहे. पुढचं सगळं मी त्या वाक्यामुळे शिकले.

नोंद जिथे जन्मते तिथेच तिला ओळख द्या. सर्व्हरकडे नंबर मागायला जाऊ नका. यासाठी युयूआयडी, म्हणजे कुठल्याही फोनवर काढता येणारा एकमेव ओळख क्रमांक, आहे. तो १२८ बिटांचा आकडा असतो आणि आडव्या रेघा धरून ३६ अक्षरांत लिहितात. चौथ्या आवृत्तीत त्यातले १२२ बिट निव्वळ यादृच्छिक असतात. चार केंद्रंच काय, सगळ्या महाराष्ट्रातले फोन जरी नंबर काढत बसले, तरी दोन सारखे निघण्याची धास्ती बाळगायचं कारण नाही. पायथनमध्ये युयूआयडी मॉड्यूल आधीपासूनच असतं, वेगळं काही बसवावं लागत नाही. ब्राउझरमध्ये क्रिप्टोचं रँडम-युयूआयडी फंक्शन आहे, पण ते सुरक्षित पत्त्यावरच चालतं. ऑफिसच्या वायफायवर साध्या एचटीटीपी पत्त्यावरून फोनवर पान उघडलं, तर ते फंक्शन सापडतच नाही. माझी एक अख्खी दुपार त्यात गेली.

मी आता सातवी आवृत्ती वापरते. २०२४ च्या आरएफसी ९५६२ या इंटरनेटच्या मानक दस्तऐवजात ती आली. तिच्या सुरुवातीच्या ४८ बिटांत मिलिसेकंदांपर्यंतची वेळ असते, त्यामुळे नोंदी डेटाबेसच्या इंडेक्समध्ये, म्हणजे शोधायच्या सूचीत, साधारण क्रमाने बसतात. चौथ्या आवृत्तीच्या नोंदी इंडेक्सभर विखुरतात. पायथनच्या ३.१४ मध्ये सातवी आवृत्ती आहे, जावास्क्रिप्टची पॅकेजं मिळतात त्या एनपीएमवरच्या युयूआयडी पॅकेजमध्येही आहे. पण ही वेळ फोनच्या घड्याळाची असते. फोनची तारीख चुकलेली असली तर आयडीतली वेळही चुकते. म्हणून नोंद सर्व्हरवर कधी पोचली, त्याचा वेगळा रकाना ठेवा आणि हिशेबाची तारीख आयडीतून काढू नका.

आता सगळ्यात महत्त्वाचं. आयडी 'पाठवा' बटण दाबल्यावर काढायचा नाही. फॉर्म उघडला की लगेच काढा आणि नोंदीसोबत फोनमध्ये जपून ठेवा. कारण असं होतं: फोनने नोंद पाठवली, सर्व्हरने ती घेतली, पण 'मिळाली' हा निरोप परत येईपर्यंत नेट गेलं. फोन बिचारा पुन्हा पाठवतो. दर वेळी नवा आयडी निघत असेल, तर त्याच माणसाचे ८ क्विंटल १६ होतात. आयडी तोच असेल आणि डेटाबेसमध्ये त्या रकान्यावर एकमेव असण्याची अट असेल, तर दुसरी नोंद आपोआप बाजूला पडते. पोस्टग्रेस डेटाबेसमध्ये त्यासाठी 'ऑन कॉन्फ्लिक्ट डू नथिंग' लिहायचं. एवढ्या एका ओळीने आमचे दुप्पट वजनाचे वाद संपले.

शेतकऱ्याच्या हातातल्या चिठ्ठीवर मात्र छोटा नंबर छापा, केंद्राचं अक्षर आणि त्या दिवसाचा क्रम. ३६ अक्षरं फोनवर कोण वाचून दाखवणार? फक्त त्या छोट्या नंबरावर हिशेब जोडू नका. आधार क्रमांकालाही ओळख करू नका. तो माणसाचा खाजगी क्रमांक आहे, पावतीचा नाही.

भरलेल्या माहितीच्या तपासणीसाठी दोन लायब्ररी: सर्व्हरवर पायथनची पायडँटिक आणि फोनच्या फॉर्ममध्ये जावास्क्रिप्टची झॉड. दोन्हींत काम एकच: नोंदीचा साचा एकदा लिहायचा, आणि साच्यात न बसणारं दारातच थांबवायचं. पायडँटिक पहिल्या चुकीवर थांबत नाही, सगळ्या चुकांची यादी देतं. प्रत्येक चुकीसोबत कोणता रकाना आणि कोणता प्रकार तेही सांगतं. त्या प्रकारावरून मी मराठी वाक्यं बांधली आहेत, 'वजन शून्यापेक्षा जास्त हवं' अशी. काट्यावरच्या पोराला इंग्रजी चूक दिसली की तो फोन बाजूला ठेवून वही काढतो.

आपल्याकडचा खरा घोळ आकड्यांचा. कीबोर्ड मराठीवर असला की मोबाइल नंबर देवनागरीत येतो. रकान्यात काय चालेल ते सांगणारा नमुना (रेगेक्स) लिहिताना अंकासाठी बॅकस्लॅश-डी ही खूण वापरली, तर पायथन देवनागरी आकडे मान्य करतं आणि जावास्क्रिप्ट ते नाकारतं. एकाच नमुन्याचे दोन निकाल! आधी सगळे आकडे इंग्रजी करून घ्या, मग शून्य ते नऊ असा स्पष्ट नमुना लावा. आयएफएससी कोड ११ अक्षरांचा असतो आणि पाचव्या जागी शून्यच असतं. लोक तिथे इंग्रजी ओ टाकतात, नमुना तो पकडतो. गट नंबर ११२/२/अ असाही असतो, म्हणून त्याचा रकाना मजकुराचा ठेवा, आकड्याचा नाही.

क्षेत्राची चूक कोणतीच लायब्ररी पकडत नाही. १ हेक्टर ८ आर म्हणजे १.०८, पण पोरं १.८ टाकतात आणि ते १ हेक्टर ८० आर होतं. दोन वेगळे रकाने करा, आरचा ० ते ९९. खाली एकरात किती झालं तेही दाखवा. पावणेतीन एकराच्या आतबाहेरचं वावर साडेचार दिसलं की शेतकरी लगेच 'नाही' म्हणतो.

आणि फार कडक होऊ नका. मोबाइल नंबर सक्तीचा केला तेव्हा ज्यांच्याकडे फोन नाही त्यांच्या नावासमोर दहा वेळा नऊ टाकले गेले, आणि नमुन्याने ते पास केले. खोट्या नंबरापेक्षा रिकामा रकाना बरा. ओलावा १४ टक्के आला तर इशारा दाखवून नोंद घ्या, १४० आला तर अडवा. बाहेर ट्रॅक्टरची रांग उभी असते.

हंगामाआधी एक चाचणी करा. फोन विमान मोडवर टाका आणि पाच नोंदी करा. त्यात एक देवनागरी आकड्यांची असू द्या आणि एक मोबाइल नंबराविना. मग नेट चालू करून 'पाठवा' तीनदा दाबा, मध्येच एकदा नेट बंद करा. सर्व्हरवर पाचच नोंदी दिसायला हव्यात, आणि एकूण वजन फोनमधल्या बेरजेशी किलोपर्यंत जुळायला हवं.