रोपं पुढच्या आषाढात हवीत, तर बियांची तयारी आत्ता

होळी झाली की वही घ्या आणि सोसायटीपासून ठाण्याजवळच्या येऊरच्या डोंगराच्या पायथ्यापर्यंत वर बघत एक चक्कर मारा. कुठला बहावा शेंगांनी लगडलाय, कुठला करंज यंदा रिकामा आहे, हे झाडानिशी लिहा. हापूस वर्षाआड धरतो हे आपल्याला ठाऊकच असतं. रानातली झाडंही दरवर्षी सारखं बी देत नाहीत, फक्त त्यांचा हिशेब इतका सरळ नसतो. हिमालयातल्या देवदाराला भरघोस बी तीन ते पाच वर्षांनी येतं. येऊरचं कारवीचं झुडूप घ्या, ती तर सात-आठ वर्षांनी एकदाच फुलते, बी धरते आणि मरते. म्हणून ‘पावसाळ्यात नर्सरीतून आणू’ यावर विसंबू नका. यंदा बी नसलं तर पुढच्या वर्षी रोप नसतं, आणि मग लागवडीचे खड्डे भरायला मिळेल तो गुलमोहर लागतो. मला याचं फार वाईट वाटतं.

बिया रस्त्याकडेच्या नि आवारातल्या झाडांच्याच घ्या. येऊरचं जंगल राष्ट्रीय उद्यानात येतं, तिथून वनखात्याच्या परवानगीशिवाय काहीही उचलू नका. आणि एकाच झाडाखाली पोतं भरू नका, ती सगळी भावंडंच होतात. लांबलांबची आठ-दहा झाडं धरा.

बहाव्याची शेंग काळी, कडक झाली की फोडा. आत आडवे कप्पे, चिकट काळा गर आणि प्रत्येक कप्प्यात एक चपटं तपकिरी बी. धुवा, भोकं पडलेली टाका, दहाएक कापून आत भरीव आहेत ना बघा. वाळवलेलं बी काही वर्षं टिकतं, त्यामुळे लगडलेल्या वर्षी दुप्पट साठवा. पेरण्याआधी कवच काचपेपरवर घासून रात्रभर भिजवा. फुगलेल्याच बिया पिशवीत लावा, उरलेल्या पुन्हा घासा.

जांभळाचं नेमकं उलटं. एका वर्षी मी त्या बिया उन्हात वाळवून बरणीत ठेवल्या. पुढच्या वर्षी एकही उगवली नाही. जांभूळ आणि मोह साठवणीचे नाहीतच. मेच्या मध्यापर्यंत पिशव्या, माती, शेणखत तयार ठेवा आणि फळ पडलं की त्याच आठवड्यात पेरा.

वैशाखात बहावा फुलला की वही घेऊन पुन्हा निघा. त्या फुलांच्या शेंगा पुढच्या उन्हाळ्यापर्यंत पिकतात. ऐन फुलोऱ्यात अवकाळी पाऊस झाला तर शेंगा कमी धरू शकतात, म्हणून तारीख लिहून ठेवा आणि पुढच्या वर्षी रोपांच्या पिशव्या घेताना ते पान आधी उघडा.