जीवसृष्टी कशी आली यावर वाद घालताना या चुका टाळा

'पण डोळ्यासारखी गुंतागुंतीची गोष्ट आपोआप कशी होईल?' इथून सुरू झालेली चर्चा अर्ध्या तासात 'मग जगण्याला अर्थ तरी काय?' इथे येऊन ठेपते आणि आवाज चढतात. अशा वादांत मी बऱ्याच रात्री जागवल्या आहेत. त्यातल्या बहुतेक वाया गेल्या. समोरचा एका प्रश्नाचं उत्तर मागत होता आणि मी तावातावाने दुसऱ्याच प्रश्नाचं देत होतो. गाडी कुठे अडते आणि ती कशी सोडवायची, ते आता थोडं कळायला लागलंय.

दोन प्रश्न एकाच पोत्यात भरू नका

निर्जीव रसायनांपासून पहिला जीव कसा झाला, हा एक प्रश्न. जीव अस्तित्वात आल्यावर त्याच्यापासून इतके प्रकार कसे झाले, हा दुसरा. उत्क्रांतीचा सिद्धान्त या दुसऱ्या प्रश्नाला हात घालतो. डार्विनचा गाजलेला ग्रंथ १८५९ सालचा. त्यानंतर १८६३ मध्ये आपला मित्र हूकर याला लिहिलेल्या पत्रात तो म्हणतो, की जीवाच्या उगमाचा आत्ताच विचार करणं व्यर्थ आहे, मग पदार्थाच्या उगमाचाही करावा की! १८७१ मध्ये त्याच हूकरला त्याने जीव जिथे उपजला असेल अशा कोमट पाण्याच्या एका छोट्या तळ्याची कल्पना लिहून पाठवली, तीही भल्यामोठ्या 'जर'सकट.

म्हणून 'पहिली पेशी कशी झाली हे सांगता येत नाही, म्हणजे उत्क्रांती खोटी' हा युक्तिवाद टिकत नाही. माणूस पहिल्यांदा बोलायला कधी आणि कसा लागला, हे कोणालाच नक्की सांगता येत नाही. तेवढ्यावरून मराठी महाराष्ट्री प्राकृतातून आली हे खोटं ठरतं का?

वाद तापला की मी आता एकच विचारतो: हा मुद्दा कशाने मिटेल? प्रयोगाने, जीवाश्माने, की बसून विचार केल्याने? दोघांची उत्तरं वेगळी आली, तर आपण दोन वेगवेगळ्या विषयांवर बोलत होतो हे तिथेच उघड होतं.

'साठी' या शब्दापासून सावध राहा

'उंचावरची पानं खाण्यासाठी जिराफाने मान लांब केली.' 'औषधाला दाद न देण्यासाठी जिवाणूंनी स्वतःला बदललं.' अशी वाक्यं पाठ्यपुस्तकी वळणाची माणसंही सर्रास लिहितात. त्यात हेतू आधी आणि बदल नंतर, असा क्रम गुपचूप शिरतो.

हा क्रम तपासून पाहता येतो. साल्वाडोर लुरिया आणि माक्स डेलब्रुक या शास्त्रज्ञांनी १९४३ मध्ये तेच केलं. त्यांनी जिवाणूंची बरीच छोटी छोटी कुटुंबं वेगवेगळ्या नळ्यांत वाढवली आणि मग प्रत्येक नळीतले जिवाणू जिवाणूभक्षक विषाणू पसरलेल्या बशीवर ओतले. विषाणूशी गाठ पडल्यावर जिवाणू बदलत असते, तर प्रत्येक बशीत साधारण सारखेच जिवाणू वाचायला हवे होते. प्रत्यक्षात कित्येक बश्यांत एकही वाचला नाही, काहींत दोनचार वाचले आणि एखाद्या बशीत शंभरावर. याचा अर्थ बदल विषाणू भेटण्याच्या आधीच, नळीत वाढतानाच होऊन गेला होता. ज्या नळीत तो लवकर झाला, तिथे त्या जिवाणूचा वंश बशीत जाण्यापूर्वीच फोफावला होता. संकटाने नवं काही घडवलं नाही, होतं त्यातलं निवडलं.

उपाय सोपा आहे. वाक्यातून 'साठी' काढून ते पुन्हा लिहून पाहा: 'ज्या जिवाणूंत हा बदल आधीच होता ते तगले, बाकीचे मेले.' वाक्य असं उभं राहिलं तर ठीक. नाही राहिलं, तर तुम्ही हेतू गृहीत धरलेला आहे. जिराफाच्या बाबतीत तर मान का लांबली यावर अभ्यासकांचंच एकमत नाही. अन्न हे एक कारण सांगतात, नरांमधल्या मानेच्या झुंजी हे दुसरं.

पण 'साठी' सरसकट हद्दपारही करता येत नाही. हृदय रक्त ढकलण्यासाठी आहे, धडधड आवाज करण्यासाठी नाही, हे आपण सगळेच मानतो. मग हा 'साठी' कुठून आला? लॅरी राइट या तत्त्वज्ञाने १९७३ मध्ये दिलेलं उत्तर मला अजून सगळ्यात पटतं: एखाद्या अवयवाच्या ज्या परिणामामुळे तो अवयव आज इथे आहे, तो परिणाम म्हणजे त्याचं कार्य. रक्त ढकललं गेलं म्हणून हृदयं टिकली. आवाज सोबत आला, इतकंच.

शक्यतेचा हिशेब एकदम मांडू नका

अमिनो आम्लं म्हणजे प्रथिनांच्या विटा. अशा शंभर अमिनो आम्लांचं एक प्रथिन घ्या. प्रत्येक जागी वीसपैकी कोणतंही आम्ल येऊ शकतं. एकूण शक्यता १ वर १३० शून्यं इतक्या होतात. 'मग हे योगायोगाने कसं जुळेल?' असा प्रश्न आला की भले भले गप्प होतात. कचऱ्याच्या ढिगावरून वादळ गेलं आणि विमान जोडून तयार झालं, हा खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉईलचा दृष्टान्त याच जातीचा.

वीस फासे घ्या. सगळ्यांवर एकाच वेळी सहा पडायला हवेत. सेकंदाला एकदा टाकत राहिलात, तर सरासरी साडेअकरा कोटी वर्षं लागतील. आता नियम बदला: ज्यावर सहा पडला तो फासा बाजूला ठेवायचा, उरलेले पुन्हा टाकायचे. सरासरी विसेक फेऱ्यांत खेळ आटोपतो. मी हे करून पाहिलंय, चहा निवायच्या आत. योगायोग दोन्हीकडे तितकाच होता. दुसऱ्या खेळात आधीची कमाई टिकली, हाच काय तो फरक, आणि नैसर्गिक निवड म्हणजे हेच टिकवणं. 'उत्क्रांती म्हणजे निव्वळ योगायोग' हे वाक्य म्हणूनच अर्धवट आहे.

इथे उत्क्रांतीच्या बाजूने बोलणारेही घसरतात. माझ्या फाशांना 'सहा' हे ध्येय आधीच ठाऊक होतं. निसर्गासमोर असं ठरलेलं ध्येय नसतं, आत्ता जे चालतं तेवढंच टिकतं. दुसरं म्हणजे, टिकवायला आधी नक्कल काढणारं काहीतरी हवं. ते अवतरण्यापूर्वी निवडीचा हवाला देऊन चालत नाही. तिथे उत्तर रसायनशास्त्रातूनच यायला हवं, आणि ते अजून पूर्ण आलेलं नाही. एक धागा मात्र आशादायक आहे. आरएनए हा डीएनएचा भाऊबंद. त्याचे काही रेणू माहितीही साठवतात आणि विकरासारखी, म्हणजे रासायनिक क्रियांना वेग देण्याची, कामंही करतात, हे टॉमस चेक आणि सिडनी ऑल्टमन यांनी १९८० च्या दशकात दाखवलं. त्याबद्दल दोघांना १९८९ चं नोबेल मिळालं. माहिती साठवणारा डीएनए आधी की काम करणारी प्रथिनं आधी, हे कोंबडी-अंड्याचं कोडं त्याने थोडं सैल केलं.

प्रयोगाला त्याच्या ताकदीबाहेर ताणू नका

'जीवातूनच जीव येतो हे पाश्चरने सिद्ध केलं, विषय संपला,' असं एक बाजू म्हणते. पाश्चरने १८६० च्या सुमारास दाखवलं ते इतकंच, की उकळलेल्या रश्शात बाहेरून धूळ शिरू दिली नाही, तर त्यात सूक्ष्मजीव उपजत नाहीत. ऑक्सिजन नसलेल्या जगात, समुद्रभर रसायनांत, कोट्यवधी वर्षांत काय होऊ शकतं, हा त्याचा प्रयोगच नव्हता.

'मिलरने बाटलीत जीव बनवला,' असं दुसरी बाजू म्हणते. तेही नाही. स्टॅनली मिलरने १९५३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात मिथेन, अमोनिया, हायड्रोजन आणि वाफ यांतून ठिणग्या सोडल्या आणि त्याला अमिनो आम्लं मिळाली. विटा मिळाल्या, घर नाही. शिवाय पृथ्वीचं आरंभीचं वातावरण तसंच होतं का, यावर पुढे शंका घेतल्या गेल्या. पण १९६९ मध्ये ऑस्ट्रेलियात मर्चिसनजवळ आकाशातून पडलेल्या अशनीत सत्तरहून जास्त अमिनो आम्लं सापडली, तेव्हा निदान विटा दुर्मीळ नाहीत एवढं पक्कं झालं.

शिडी मोडून टाका

'माणूस माकडापासून झाला, तर माकडं अजून कशी आहेत?' असं विचारणाऱ्याच्या डोक्यात खालून वर चढणारी शिडी असते. माणूस आजच्या माकडापासून झाला नाही. माणूस आणि चिंपांझी यांचा एक समान पूर्वज साधारण ६० ते ७० लाख वर्षांपूर्वी होता. चुलतभाऊ आजही आहे म्हणून आजोबा नव्हते, असं कोणी म्हणत नाही. 'खालचे जीव, वरचे जीव' हा शब्दप्रयोगही सोडा.

'आहे' वरून 'असावं' वर उडी मारू नका

मला सगळ्यात धोक्याची वाटते ती ही चूक. निसर्गात दुबळे मागे पडतात, म्हणून समाजानेही त्यांना मागे टाकावं, हा निष्कर्ष विज्ञानाचा नाही. 'आहे' म्हणता म्हणता लेखक अचानक 'असावं' म्हणू लागतात, ही उडी डेव्हिड ह्यूम या तत्त्वज्ञाने १७४० मध्येच पकडली होती. तरी फ्रान्सिस गॉल्टन या इंग्रज शास्त्रज्ञाने १८८३ मध्ये सुप्रजननाला, म्हणजे 'चांगल्या' माणसांचीच संतती वाढवण्याच्या कल्पनेला, 'युजेनिक्स' हे इंग्रजी नाव दिलं, आणि १९२७ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 'मंदबुद्धी' ठरवलेल्यांच्या सक्तीच्या नसबंदीचा कायदा वैध मानला.

याची उलटी चूक चांगली माणसं करतात. निष्कर्ष क्रूर वाटतो, म्हणून ते मूळ तथ्यच नाकारतात. त्याची गरज नाही. उडी नाकारली की पुरे. उत्क्रांती खरी आहे आणि दुबळ्यांना सांभाळायचं आहे, ही दोन विधानं एकमेकांच्या वाटेत येत नाहीत.

आधी व्याख्या, मग चर्चा, हा हट्ट सोडा

'आधी सांगा, जीव म्हणजे काय?' म्हणून समोरचा अडून बसतो आणि पुढची चर्चा होतच नाही. एक प्रचलित व्याख्या अशी: स्वतःला चालू ठेवणारी आणि डार्विनच्या अर्थाने उत्क्रांत होऊ शकणारी रासायनिक व्यवस्था. ऐकायला नेमकी वाटते. पण उत्क्रांत होतो तो समूह, एकटा प्राणी नव्हे. मग ज्याला पिल्लं होत नाहीत त्या खेचराचं काय करायचं, आणि पिंजऱ्यातल्या एकट्या सशाचं? कॅरल क्लेलंड आणि क्रिस्टोफर चायबा या अभ्यासकांनी २००२ मध्ये पाण्याचं उदाहरण दिलं. रेणू माहीत नव्हते तेव्हा 'पाणी म्हणजे काय' याचं उत्तर व्याख्या घासूनपुसून मिळालं नसतं. पारदर्शक, वास नसलेला द्रव, याच्यापुढे गाडी सरकली नसती.

तोवर व्याख्येऐवजी गुणांबद्दल बोला. याला बाहेरच्यापासून वेगळं करणारी भिंत आहे का? हा ऊर्जा वापरतो का? नक्कल काढतो का? काढताना चुकतो का? विषाणूला हे चार प्रश्न विचारून पाहा. पेशीच्या बाहेर एक उत्तर येतं, आत शिरल्यावर दुसरं.