बीए-बीकॉम करता करता कॉम्प्युटर शिकताय? या चुका टाळा

एफवायच्या पोरांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, सर पायथॉन किती दिवसांत येतं. अरे बाबा, डाउनलोड केलेली फाइल कुठल्या फोल्डरला गेली ते तुला सापडत नाही, आधी ते बघू ना. एमएस-सीआयटी झालंय म्हणतात, पण परीक्षेनंतर एक्सेल परत उघडलेलंच नसतं.

सगळ्यात जास्त डोकं फिरवणारी चूक म्हणजे दिसला आकडा की टाक एक्सेलमध्ये. टीवायबीकॉमचा एक मुलगा पतसंस्थेत कामाला लागला, त्याला सभासदांचे बँक खाते नंबर भरायला दिले, १६ आकडी. भरल्यावर नंबर विचित्रच दिसायला लागले, मधे पॉइंट, शेवटी ई प्लस १५, मग याने फॉरमॅट बदलून डेसिमल काढले आणि यादी दिसायला एकदम टापटीप झाली. फक्त प्रत्येक नंबरच्या शेवटी शून्य. एक्सेल आकड्याचे पहिले १५ अंकच धरून ठेवतं, सोळाव्याचा गुपचूप शून्य करतं. डिव्हिडंडची यादी बँकेतून परत आली, तेव्हा कुठे कळलं. मग घाईघाईत कॉलमचा फॉरमॅट टेक्स्ट केला, पण गेलेला अंक असा परत येतो होय? पासबुकांच्या झेरॉक्स काढून सगळं पहिल्यापासून.

माझी सवय सांगतो, ज्याची बेरीज करायची नाही तो माझ्यासाठी आकडाच नाही. खाते नंबर, आधार, रोल नंबर, काहीही असो, टाइप करायच्या आधी कॉलम टेक्स्ट. सुरुवातीचे शून्यही त्यामुळे टिकतात.

व्हीलुकअप, म्हणजे दुसऱ्या यादीतून माहिती शोधून आणणारा एक्सेलचा फॉर्म्युला, त्याच्या शेवटी फॉल्स लिहा. नाही लिहिलं तर ते जवळपासचं काहीतरी उचलून आणतं, आणि उत्तर आलं म्हणून तुम्ही खूश.

टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या आधी जर्नल एंट्री, म्हणजे व्यवहाराची नावे-जमा नोंद, वहीत जमली पाहिजे, यावर माझ्याशी वाद घालू नका.

बीएवाल्यांनो, प्रोजेक्ट कृतीदेव या जुन्या फॉन्टमध्ये टाइप करून आणू नका. तो फॉन्ट नसलेल्या कॉम्प्युटरवर उघडलं की नुसती इंग्रजी अक्षरांची भेळ, आणि त्यात एक मराठी शब्द सर्च करून दाखवा. विंडोजमध्ये मराठी कीबोर्ड फुकट असतो, तो चालू करा आणि इन्स्क्रिप्ट ही त्याची अक्षरांची मांडणी शिका, सुरुवातीला हात अडखळतात, अडखळू देत.

चॅटजीपीटीने दिलेला फॉर्म्युला पूर्ण शीटवर ओढायच्या आधी चार ओळींवर हाताने तपासा. एवढाही धीर नसेल तर अकाउंट्सच्या नादाला लागू नका.

आणि त्या एबीसी कंपनीच्या खोट्या सेल्सवर सराव कशाला? इकॉनॉमिक्स असेल तर लासलगावचे कांद्याचे रोजचे भाव उतरवून घ्या, त्यावर पिव्होट टेबल, म्हणजे मोठ्या यादीचा गोषवारा काढणारा तक्ता, करा, भाव चुकला तर तुम्हालाच आधी खटकेल. शिकायला आयआयटी बॉम्बेचे स्पोकन ट्युटोरियल आहेत, फुकट, मराठीतही. त्यात एक्सेल नाही लिब्रेऑफिस कॅल्क आहे, पण बरंचसं सारखंच. थांबवत थांबवत स्वतः करून बघायचे असतात ते, दुप्पट स्पीडने बघून संपवायचे नसतात.