चढ सोपा, उतारानं रडवलं

साताऱ्याजवळचा यवतेश्वरचा घाट धावत चढताना धाप लागायची, पण ती सगळ्यांनाच लागते. माझी खरी रड उतरताना. पायथ्याच्या बोगद्याकडे परत येताना तिसऱ्या-चौथ्या वळणावर उजव्या गुडघ्याच्या वाटीमागे कळ यायची. दुसऱ्या दिवशी ऑफिसचा जिना कठडा धरून, आडव्या पावलांनी उतरायचा.

सातारा हिल हाफ मॅरेथॉनला तीन महिने होते. तिथं जेवढं वर जायचं, तेवढंच खाली यायचं. आधी नवे बूट घेतले, मग नी-कॅप. पैसे गेले, कळ तिथंच.

फिजिओथेरपिस्ट बाईंनी एका पायावर उभं करून थोडं खाली बसायला सांगितलं. आरशात दिसलं, गुडघा सरळ आत वळत होता. खुर्ची उबवून उबवून बसायच्या जागेचेच स्नायू कमजोर झालेले!

मग रोज घरातल्या पायरीवरून एका पायानं सावकाश उतरणं, दहा-दहा वेळा तीनदा. शिवाय कुशीवर पडून पाय उचलणं. ते बघून बायकोला हसू आवरेना. उतारावर पावलं आखूड केली, मिनिटाला 158 पडायची ती 168 वर नेली. तीन आठवडे घाट फक्त चढलो, खाली मित्राच्या गाडीवर. लाज वाटली, पण सगळ्यात जास्त उपयोग त्याचाच झाला असं मला वाटतं.

ऑफिसात पाण्याची बाटली मुद्दाम लहान ठेवली, भरायला उठावंच लागतं.

शर्यतीत गुडघा गप्प राहिला. अठराव्या किलोमीटरला पोटऱ्यांत गोळे आले, तो वेगळा विषय.